शेंगा खाल्ल्या, टरफले उचलायची कोणी?

साडीच्या दुकानात आमच्या घरातल्या बायका गेली पन्नास वर्षे एकच प्रश्न विचारत आल्या आहेत. आधी पोत बघायचा, मग काठ, मग पदर. किंमत ऐकून थोडे दचकल्यासारखे करायचे. आणि शेवटी, सगळा व्यवहार जणू त्यावरच अडला आहे अशा सुरात विचारायचे, ‘‘रंग पक्का आहे ना?’’ दुकानदाराचे उत्तरही ठरलेले. ‘‘वहिनी, कापड फाटेल, पण रंग जाणार नाही.’’ माझ्या आईने हा प्रश्न विचारला, पत्नीने विचारला, आता सून विचारते. मी आपला पिशवी धरून बाजूला उभा. परंतु गेल्या वर्षा-दोन वर्षांत हे उत्तर कानावर पडले की मला अस्वस्थ वाटते. कारण दुकानदार खरे बोलत असतो. तो रंग खरोखरच जात नाही. कापडावरून जात नाही आणि नदीतूनही सहजासहजी जात नाही.

वाचकांपैकी काहींनी माझ्या कादंबऱ्या वाचल्या असतील. पण आमच्या घरची चूल पेटत होती ती बँकेच्या पगारावर. १९८९ साली माझी बदली इचलकरंजीला झाली. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग आणला आणि संस्थानिक नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने त्या गावाचे भाग्य पालटले, ही हकिगत तेथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. रात्री बाराला एस.टी.तून उतरलो तरी गल्लीगल्लीतून मागांची खटाखट ऐकू येई. पहिले आठ दिवस झोप लागेना. पुढे अशी सवय झाली, की रविवारी वीज गेली आणि माग थांबले म्हणजे दचकून जाग यायची.

त्या दिवसांत एका प्रोसेसच्या, म्हणजे कापड धुणे, रंगवणे, छापणे अशी कामे करणाऱ्या कारखान्याच्या कर्जाचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. आमचा छापील अर्ज चांगला चौदा पानी होता. जमीन, इमारत, यंत्रसामग्री, खेळते भांडवल, तारण, जामीनदार. ‘पाणी’ असाही एक रकाना होता. पाणी कोठून येणार ते त्यात लिहायचे होते. ते कोठे जाणार यासाठी रकाना नव्हता. प्रदूषणविषयक संमतिपत्र कागदपत्रांच्या यादीत होते आणि फाइलला जोडलेलेही होते. मी लाल पेन्सिलीने त्यावर बरोबरची खूण केली आणि पान उलटले.

कर्ज दिल्यावर सहा महिन्यांनी मी पाहणीला गेलो. मालक सज्जन माणूस. मला उसाचा रस पाजला, कारखाना फिरून दाखवला. कारखान्याच्या मागे सिमेंटचा एक मोठा हौद होता. नकाशात त्याच्यावर ‘सांडपाणी शुद्धीकरण’ असे लिहिलेले होते. हौदाच्या तळाशी वाळलेली पाने साचली होती आणि एक कुत्री आपल्या पिलांना घेऊन त्यात निवांत झोपली होती. शेजारच्या उघड्या गटारातून जांभळे पाणी वाहत होते. मी विचारले तेव्हा मालक म्हणाले, ‘‘होतंय की साहेब, पुढच्या महिन्यात मोटार बसवायचीच आहे.’’ मी पाहणी अहवालात लिहिले, ‘प्रकल्प समाधानकारक’. खाली सही केली. त्या कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

ते जांभळे पाणी गटारातून ओढ्याला जात होते आणि ओढा पंचगंगेला. त्या ओढ्याचे नावच लोकांनी ‘काळा ओढा’ पाडले आहे. प्रयाग चिखलीच्या संगमावर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन, पाचवी गुप्त सरस्वती मानून, जिला आपण पंचगंगा म्हणतो, ती पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहिले की आपण हात जोडतो. त्या पाण्यात काय काय मिसळले आहे, याची चौकशी करण्याची आपली रीत नाही. अर्थात सगळा दोष एकट्या इचलकरंजीचा नाही. कोल्हापूर शहराचे सांडपाणी, नदीकाठच्या गावांची गटारे, साखर कारखाने असे सगळेच या पापात भागीदार आहेत. परंतु मी ज्याच्यावर सही केली तो वाटा रंगाचा होता. म्हणून आज रंगाबद्दलच बोलणार आहे.

हा रंग एवढा चिवट का असतो? १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे क्विनाइन कृत्रिम रीतीने तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन काही झाले नाही. भांड्यात एक जांभळा पदार्थ मात्र उरला आणि त्यातून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. डांबरातून निघणाऱ्या रसायनांपासून मंजिष्ठेचा लाल रंग तयार झाला. पुढे १८९७ साली जर्मनीहून कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा अंत जवळ आला. हे वाईट झाले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९१७ साली गांधीजी चंपारण्यात गेले ते त्याच निळीखाली भरडलेल्या शेतकऱ्यांसाठी. तेव्हा ‘पूर्वीचे रंग किती सात्त्विक होते’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांत मी नाही. त्या रंगांनाही वास होता; तो घामाचा आणि चाबकाचा होता.

मग १९५६ साली इंग्लंडमध्ये ‘रिअॅक्टिव्ह’ रंग विकायला आले. हे रंग सुतावर नुसते बसत नाहीत, सुताच्या धाग्याशी रासायनिक गाठ मारतात. म्हणून ते पक्के. पण मेख अशी, की रंगाच्या हौदात सूत असते तसे पाणीही असते आणि काही रंग सुताऐवजी पाण्याशीच लग्न लावून मोकळा होतो. असा रंग मग सुताच्या काही उपयोगाचा राहत नाही. काही जातींत शंभरातला दहा टक्के, तर काहींत तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा वाया जातो. त्याला सुताकडे ढकलण्यासाठी हौदात भरपूर मीठ आणि सोडा घालावा लागतो. नंतर कापड पुन्हा पुन्हा धुवावे लागते. किलोभर सुती कापड धुऊन, रंगवून, पुन्हा धुऊन काढायला पद्धतीप्रमाणे ५० ते १५० लिटर पाणी लागते. म्हणजे घरात येते ती साडी. तिच्याबरोबर निघालेले काही घागरी रंगीत, खारट पाणी मागे गावात राहते.

आणि जो गुण आपण दुकानात मागून घेतो तोच नदीला नडतो. उन्हाने उडू नये, साबणाने जाऊ नये, घामाने उतरू नये, असा रंग आपल्याला हवा असतो. नदीतले सूक्ष्म जीव एरवी केवढी घाण खाऊन पचवतात. पण उन्हाला आणि साबणाला न जुमानणारा रंग त्यांनाही दाद देत नाही. लिटरभर पाण्यात एखादा मिलिग्रॅम रंग असला तरी डोळ्याला दिसतो. त्या रंगीत पाण्यातून ऊन खाली पोचत नाही. ऊन नाही म्हणून पाणवनस्पती नाहीत, त्या नाहीत म्हणून प्राणवायू कमी, आणि मग मासे वर येऊन तोंडे वासतात. काही अॅझो रंग तुटून त्यांच्यातून कर्करोगाला निमंत्रण देणारी द्रव्ये बाहेर पडतात. जर्मनीने १९९४ साली अशा रंगांवर बंदी घातली तेव्हा आपल्या निर्यातदारांची पळापळ झाली आणि पाठोपाठ आपल्याकडेही बंदीचे नियम आले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. तेव्हा पुष्कळ जण म्हणत होते, ‘कारखान्यांच्या रंगाने हे झाले’. तसे नव्हते. ती साथ सांडपाण्यातून पिण्याच्या पाण्यात शिरणाऱ्या विषाणूची होती. रंग दिसतो म्हणून आपण त्याच्याकडे बोट दाखवतो, विषाणू दिसत नाही म्हणून तो सुटतो. जे डोळ्याला दिसते तेवढेच अशुद्ध, असे मानण्याची ही सवय पुढेही आपल्याला फसवणार आहे. ती कशी, ते सांगतोच.

निवृत्तीनंतर मी कोल्हापुरात स्थायिक झालो. माझी भाची तेथे रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. गेल्या वर्षी एका संध्याकाळी आमच्याकडे शेंगा भाजल्या होत्या. गप्पा मारता मारता आम्ही परातभर टरफले जमवली. मी ती कचऱ्यात टाकायला उठलो, तर ही म्हणाली, ‘‘मामा, टाकू नका. मला द्या.’’ मला वाटले, थट्टा करते आहे. तिने खरोखरच पिशवीत भरून नेली. पंधरा दिवसांनी फोन, ‘‘मामा, या. तुमच्या टरफलांचं काय झालं ते दाखवते.’’

प्रयोगशाळेत तिने टरफले धुऊन, वाळवून, दळून, फॉस्फरिक आम्लात भिजत घातली होती. मग भट्टीत, हवा लागू न देता, साधारण ५०० अंशांवर भाजली होती. नंतर आम्ल निघून जाईपर्यंत धुऊन पुन्हा वाळवली. हातात आली ती काजळीसारखी काळी, हलकी पूड. तिने काचेच्या पात्रात गर्द निळे पाणी घेतले, त्यात चिमूटभर पूड टाकली आणि ते हलवणाऱ्या यंत्रावर ठेवले. आम्ही चहा पिऊन आलो. तिने गाळणकागदातून पाणी गाळले. खाली पडलेले पाणी पिण्याच्या पाण्यासारखे स्वच्छ होते. मी ते उजेडात धरून दोनदा पाहिले. खोटे कशाला सांगू, माझ्या डोळ्यांसमोर तो जांभळा ओहोळ आला आणि क्षणभर वाटले, सुटलो!

‘‘पूड रंग शोषून घेते ना?’’ मी विचारले. ‘‘शोषून नाही, मामा. चिकटवून घेते. स्पंज पाणी शोषतो तसं हे नाही. याला अधिशोषण म्हणतात. रंग आत मुरत नाही, पृष्ठभागावर बसतो. म्हणून सगळा खेळ पृष्ठभागाचा आहे.’’ साधा कोळसा म्हणजे असंख्य खोल्यांचा, पण दारे बंद असलेला वाडा. आम्ल किंवा तापलेली वाफ ती दारे उघडते. मग त्या कोळशाला सक्रिय कार्बन म्हणतात. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, असे ती म्हणाली तेव्हा माझ्यातला बँकवाला जागा झाला. हजार चौरस मीटर म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! जन्मभर मी सात-बारे तपासले. चिमटीत दहा गुंठे मावतात हे मला कोणी सांगितले नव्हते.

ही विद्या तशी नवी नाही. १७८५ साली लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाला कोळशाने द्रवाचा रंग जातो असे दिसून आले. युरोपात साखर पांढरी करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरला गेला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत कोळसा भरायचा होता. तेव्हा १९१८ साली अमेरिकेत लोकांना पीच फळाच्या कोयी टाकू नका, जमा करा, असे आवाहन केले गेले होते. नारळाच्या करवंटीचा कार्बन आज आपल्या देशातून परदेशी जातो; तुमच्या-आमच्या घरातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातही तो असतो. आपल्या आज्या माठातले गढूळ पाणी निवळीची बी घासून स्वच्छ करीत. त्या बीचे काम वेगळ्या रीतीने चाले. पण घाण काढायला झाडाकडे जायचे, ही बुद्धी तीच.

गेल्या तीसेक वर्षांत जगभरच्या आणि आपल्याकडच्याही प्रयोगशाळांनी भाताचा तूस, उसाची चिपाडे, पऱ्हाट्या, तुराट्या, चिंचोके, आंब्याच्या कोयी, काजूची टरफले असे काही म्हणता काही भाजायचे शिल्लक ठेवलेले नाही. प्रत्येकाच्या शेवटी साधारण एकच निष्कर्ष: स्वस्त आहे, टाकाऊतून टिकाऊ आहे, रंग नव्वद टक्क्यांहून अधिक जातो. मग काळा ओढा अजून काळा का?

हा प्रश्न मी भाचीला विचारला. ती पोरगी प्रामाणिक आहे. म्हणाली, ‘‘कारण तुम्ही जो निळा रंग पाहिलात तो मेथिलीन ब्लू. परीक्षेसाठी तोच वापरतात. तो कार्बनला पटकन चिकटतो. कारखान्यातला रिअॅक्टिव्ह रंग वेगळा. त्याचा विद्युतभार उलटा, रेणू मोठा. शिवाय कारखान्याच्या पाण्यात मीठ, सोडा, खळ, साबण, गाळ. कार्बनच्या खोल्यांत रंगाआधी हेच पाहुणे जाऊन बसतात.’’

मी पुढचा प्रश्न विचारला. तो मी पस्तीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. ‘‘आणि बाई, रंग गेला, पण कुठे गेला?’’

ती हसली. ‘‘कुठे जाणार? पुडीवर. होता तेवढाच आहे.’’

आता हे पुन्हा बँकेच्या भाषेत सांगतो. खेड्यातल्या सोसायट्यांत ‘नवे-जुने’ नावाचा प्रकार चालतो. मार्चअखेर आली, की जुने कर्ज फिटले असे दाखवायचे आणि त्याच दिवशी त्याच माणसाच्या नावावर नवे कर्ज मांडायचे. वही स्वच्छ दिसते. अधिकारी खूश, सभासद खूश. कर्ज मात्र जेथल्या तेथे. रंगाने भरलेला कार्बन जर आपण कारखान्याच्या मागच्या पडक्या जागेत ओतला, तर पहिल्या पावसात त्यातला काही रंग सुटून पुन्हा ओढ्याला लागतो. हे नदीचे नवे-जुनेच की नाही? पाण्याच्या खात्यावरचे कर्ज मातीच्या खात्यावर गेले, एवढेच.

थोडा हिशेबही मांडू. समजा, एका लहान प्रोसेसमधून रोज एक लाख लिटर पाणी निघते आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे रोजचा रंग १० किलो. एक ग्रॅम कार्बन त्यातला १०० मिलिग्रॅम रंग धरतो असे उदारपणे मानले, तर रोज १०० किलो कार्बन लागेल. शंभर किलो टरफलांपासून कार्बन निघतो वीस-पंचवीस किलो. म्हणजे त्या एका कारखान्याला रोज चार-पाचशे किलो टरफले, शिवाय आम्ल, इंधन आणि आम्ल धुण्याचे पाणी. तेही पाणी पुन्हा कोठेतरी जाणारच! पण हाच कार्बन अगदी शेवटी वापरला, म्हणजे आधी चुना-तुरटीसारख्या द्रव्यांनी साका खाली बसवला, मग जिवाणूंकडून जमेल तेवढे काम करून घेतले आणि लिटरमागे १० मिलिग्रॅमच रंग उरला, तर वीस-पंचवीस किलोंत भागू शकते. अर्थ उघड आहे. कार्बन हा घरातला शेवटचा पोछा आहे, केरसुणी नव्हे. केर न काढता थेट फडके मारायला घेतले, तर फडकेही जाते आणि फरशीही.

आणि टाकाऊ म्हणजे फुकट, हाही एक भ्रम आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला चिपाडे ही कारखान्याची अडचण असे. आज त्याच बगॅसवर साखर कारखाने वीज तयार करतात. भाताचा तूस बॉयलरला जातो. ज्या क्षणी कचऱ्याला गिऱ्हाईक मिळते त्या क्षणी तो कचरा राहत नाही, माल होतो. त्यात वाईट काही नाही, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे येतील. फक्त प्रकल्प अहवालात कच्च्या मालापुढे शून्य लिहिणाऱ्याला कर्ज देऊ नये, असा माझा सल्ला आहे.

राहिली ती डोळ्यांनी फसण्याची गोष्ट. कार्बन रंग काढतो. मीठ काढत नाही. गाळलेले ते स्वच्छ पाणी मी उजेडात धरून पाहिले, ते कारखान्याचे असते तर मचूळ खारट लागले असते. ते उसाला दिले तर शिरोळ तालुक्यातल्या आधीच क्षारपड झालेल्या रानांना आणखी मीठ. काळे पाणी पाहून शेतकरी निदान मोटार बंद करतो. स्वच्छ दिसणारे खारे पाणी तो बिनघोर सोडील.

मग हे सगळे अशक्य आहे का? नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरकडे पाहा. बनियन आणि टी-शर्टचे ते गाव. तेथली नोय्यल नदी रंगाने अशी भरली, की १९९२ साली पूर्ण झालेले ओरथुपाळयम धरण शेतीच्या पाण्याऐवजी रंगाच्या पाण्याची टाकी होऊन बसले. शेतकरी न्यायालयात गेले. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली बजावले आणि ते होत नाही असे दिसल्यावर जानेवारी २०११ मध्ये सातशेच्या आसपास रंगाचे कारखाने बंद करायला लावले. हाहाकार झाला. हजारो कामगारांचे रोजगार गेले. परंतु पुढे सामुदायिक केंद्रे सुधारली, पाणी पुन्हा वापरले जाऊ लागले, मीठसुद्धा परत मिळवून रंगाच्या हौदात घालू लागले. सगळे आलबेल झाले असे मी म्हणणार नाही. विजेचा खर्च मोठा आहे आणि गाळाचे ढीग साचले आहेत. पण ‘होतच नाही’ हे वाक्य त्यानंतर कोणाला उच्चारता येत नाही.

त्यात एक इशाराही आहे. आपण वीस वर्षे डोळे झाकले, की न्यायालय एका दिवसात कुलूप लावते आणि ते कुलूप पहिल्यांदा कामगाराच्या चुलीला लागते. इचलकरंजीत माझे अनेक खातेदार मागावर काम करणारे होते. त्यांच्या पासबुकातल्या नोंदी मी पाहिल्या आहेत. नदीच्या नावाने त्यांची भाकरी काढून घ्यावी, असे मला वाटत नाही. म्हणूनच म्हणतो, की कुलूप लागण्याआधी हिशेब चुकता करावा.

तो कसा? सोडावॉटरच्या बाटलीला पूर्वी डिपॉझिट असे. रिकामी बाटली परत दिल्याशिवाय पैसे मिळत नसत. कार्बनचेही तसेच हवे. जो कार्बन विकेल त्यानेच भरलेला कार्बन परत न्यावा. तो ८०० अंशांच्या वर वाफेबरोबर तापवून पुन्हा वापरता येतो. दर खेपेला थोडी घट येते, तेवढी नव्याने भरायची. अगदीच निकामी झाला तर सिमेंटच्या भट्टीसारख्या प्रखर आगीत जाळायचा. लहान कारखानदाराला हे एकट्याने झेपणार नाही. पाचपन्नास जणांनी मिळून केंद्र चालवावे आणि ते खरोखर चालते की नाही हे खालच्या गावच्या माणसांना केव्हाही येऊन पाहता यावे. कर्जाच्या अर्जात ‘पाणी कोठे जाणार’ असा रकाना असावा. आणि त्यापुढे कागद जोडून भागू नये, पाहणी करणाऱ्याने स्वतः पाहून लिहावे. आणि तुम्ही-आम्ही? पाणी धुण्याचा खर्च कापडाच्या किमतीत आला तर दुकानात कुरकुर करू नये. आजवर तो खर्च आपण दिला नाही म्हणून तो नव्हता असे नाही. तो दुसरेच कोणी देत होते.

कोण देत होते, ते मी गेल्या उन्हाळ्यात पाहिले. तेरवाडच्या बंधाऱ्यावर गेलो होतो. बंधाऱ्याला अडलेले पाणी काळपट होते, वर फेस, कडेला काही मेलेले मासे. एक वयस्कर शेतकरी म्हशी घेऊन उभे होते. म्हशी पाण्याकडे तोंड करून उभ्या, पण खाली वाकत नव्हत्या. मी विचारले, ‘‘बाबा, हे नेहमीच असं?’’ ते म्हणाले, ‘‘पावसाळ्यात बरं असतंय. उन्हाळ्यात असलं. म्हसरं शाणी हाईत, तोंड लावत न्हाईत. माणसाचं काय, त्याला पर्याय न्हाई.’’ मग माझ्याकडे पाहून, ‘‘तुम्ही पेपरवालं काय?’’ मी म्हणालो, ‘‘नाही, बँकेत होतो.’’ ‘‘मग बरं हाय,’’ म्हणाले आणि म्हशी वळवून विहिरीकडे निघून गेले. का बरे आहे, ते मला समजले नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

लोकमान्यांची ती गोष्ट आपण लहानपणापासून अभिमानाने सांगतो. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. त्या बाणेदारपणाचा पहिला अर्धा भाग आपण विसरलो आहोत. ज्याने खाल्ल्या नाहीत त्यालाच ते वाक्य शोभते. आपण तर खाल्ल्या आहेत. लाल, निळ्या, जांभळ्या, दर दिवाळीला, दर लग्नसराईत. भाचीच्या प्रयोगशाळेतली ती टरफलांची पूड उपयोगाची आहे. तिच्यासारख्या मुलांचे काम थांबू नये. पण ती पूड आपल्याऐवजी टरफले उचलणार नाही.

माझ्यापुरते म्हणाल, तर तो पाहणी अहवाल अजून कोठल्यातरी जुन्या गठ्ठ्यात पडला असेल किंवा वाळवीने खाल्ला असेल. ‘प्रकल्प समाधानकारक’ या दोन शब्दांऐवजी मला तीनच शब्द लिहायचे होते. कर्ज कदाचित थांबले नसते. मालक रागावले असते, मोटार कदाचित लवकर बसली असती, कदाचित नसतीही. पण ते शब्द खरे होते आणि ते लिहिण्यासाठी मला पगार मिळत होता. पस्तीस वर्षे उशीर झाला आहे, तरी येथे लिहून ठेवतो: हौद कोरडा होता.